आंब्याची पेटी आणि पाव किलो गांडुळं

गेल्या अंकात गुलाबाच्या छाटणीबद्दल लिहिताना मध्येच एक वाक्य लिहून गेले होते, की मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांनी आंब्याच्या रिकाम्या पेटीत गांडुळं पाळली. गुलाब राहिला बाजूला. आलेली पत्रं जवळजवळ सगळी त्या पेटीबद्दलची. तेव्हा या वेळी तीच. माझी उभी नोकरी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तरं थोडी शाळेतल्या बाईंसारखी झाली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे, मुलगा पहिलीत. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरी जेमतेम चार बाय सहा फुटांची. मुलांनी गांडूळखताचा हट्ट धरलाय. मलाही कुंड्यांसाठी खत हवंच आहे, पण वासाची आणि घाणीची धास्ती वाटते. सुरुवात कशी करू?

सुरुवात करण्याआधी एक ठरवून टाका. तुम्हाला खत हवंय. मुलांना खत नकोय, त्यांना गांडुळं हवीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझी पहिली पेटी नेमकी इथेच फसली. मी खताच्या मागे होते. ‘उकरू नका, हात लावू नका, झाकण उघडं टाकू नका’ असा माझा पट्टा सुरू. चौथ्या दिवसापासून दोन्ही नातवंडं पेटीकडे फिरकेनाशी झाली आणि पुढे तीन महिने मी एकटी केळीच्या साली चिरत बसले. दुसऱ्या खेपेला पेटी त्यांच्या नावावर करून दिली. रविवार हा उकरायचा वार. उकरल्याने गांडुळं बिचकतात, खत पंधरा-वीस दिवस उशिरा होतं, होऊ दे.

आता पेटी. गांडुळांना खोली नको, पसारा हवा. खत करणारी गांडुळं वरच्या वीतभर थरातच वावरतात, म्हणून उंच बादलीपेक्षा पसरट टब किंवा पेटी बरी. आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर उत्तम, फटींतून हवा खेळते आणि जास्तीचं पाणी लाकूड पिऊन घेतं. वर्ष-दोन वर्षांत ती कुजते, तेव्हा दुसरी घ्यायची. आतून गोणपाटाचं अस्तर लावा. लाकडी पेटी मिळाली नाही तर धुण्याचा जुना प्लास्टिकचा टब घ्या आणि तळाला व काठाखाली भोकं पाडा. दाभण गॅसवर तापवून भोकं चटकन पडतात, पण ते काम तुमचं, मुलांचं नाही.

पुठ्ठ्याचं खोकं मात्र नको. हल्ली आंबे बहुतेक त्यातच येतात, म्हणून आमचीही एक पेटी त्यातच केली होती. आठव्या दिवशी भर दुपारी खोक्याचा तळ सुटला. गॅलरीच्या पाणी जायच्या भोकातून आधी तपकिरी पाणी आणि मागोमाग तीन-चार गांडुळं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. त्या कुरडया मी परत करून दिल्या. गहू तीन दिवस भिजत घालण्यापासून.

पेटी एका जुन्या स्टुलावर ठेवा, खाली परात ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. पूर्वी जाळीच्या कपाटाखाली ठेवायचो ना, तशा. मुंग्या चढत नाहीत. वाट्यांतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर गांडुळांबरोबर डासही पाळाल.

आत अंथरूण घालायचं वीतभर जाडीचं. भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वाळलेला पाला आणि वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या. पहिलीतल्या मुलाला सांगून बघा, की आज हवा तेवढा कागद फाड, कोणी रागावणार नाही. त्याच्या आयुष्यातला तो थोर दिवस असेल. साधं वर्तमानपत्र चालतं, गुळगुळीत रंगीत कागद नको (म्हणजे हे मासिकही नको). त्यात दोन मुठी माती आणि मिळालं तर थोडं जुनं शेणखत. माती कशाला? गांडुळाला दात नसतात. मातीचे बारीक कण त्याच्या पोटातल्या पेषणीत जातात आणि जात्यासारखं दळायचं काम करतात. ताजं शेण मुळीच नको, ते कुजताना तापतं आणि गांडुळं शिजतात. सगळं कालवून मुठीत घट्ट पिळून पाहा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. असं तयार अंथरूण तीन-चार दिवस तसंच राहू द्या आणि मग गांडुळं आणा.

गांडुळं बागेतली खणून आणू नका. ती मातीत खोल राहणारी, ओल्या कचऱ्याच्या पेटीत टिकत नाहीत. खताची गांडुळं वेगळी. आपल्याकडे जास्त मिळतात ती आयसेनिया फेटिडा, लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली, आणि युड्रिलस युजेनी, लांब, जांभळट झाक असलेली. गांडूळखत करणारे शेतकरी, चांगल्या रोपवाटिका, कृषी विज्ञान केंद्रं यांच्याकडे विचारा. पाव किलो पुरतात. ती अंथरुणावर ओतायची आणि मुलांना भोवती बसवायचं. पुरायची नाहीत. त्यांना उजेड सोसत नाही, त्यामुळे आपणहून खाली सरकतात आणि बघता बघता वरचा भाग रिकामा होतो. आमच्या धाकट्याने शेवटच्या गांडुळाला हात हलवून टाटा केला होता.

खाऊ घालताना हात आखडता ठेवा. पहिले पंधरा दिवस दोन दिवसांतून एकदा एक मूठ बारीक चिरलेल्या साली. नीट रुळलेली गांडुळं दिवसाला त्यांच्या वजनाच्या साधारण निम्मं खातात, म्हणजे पाव किलो गांडुळांना सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. चार माणसांच्या घरातला सगळा ओला कचरा त्यात जिरणार नाही, ती आशा सोडा. फळांच्या आणि भाज्यांच्या साली, भाज्यांचे देठ, चहाचा चोथा (साखर धुऊन टाकून), अंड्याच्या टरफलांची पूड, हे चालतं. लिंबू, मोसंबी, कांदा, लसूण, मिरचीची देठं, तेलातुपाचं, खारट, शिळी भाजी, दूध-दही, मासे-मटण, हे नाही. साली वर पसरायच्या नाहीत. कोपऱ्यात खळगा करून पुरायच्या, वर अंथरूण आणि त्यावर ओलं गोणपाट. पुढच्या वेळी पुढचा कोपरा.

वासाचं म्हणाल तर चांगल्या पेटीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाण वास येतो तो गांडुळांचा नसतो, त्यांना न संपलेल्या अन्नाचा असतो. चार दिवस खाणं बंद, कागदाच्या कोरड्या पट्ट्या मिसळा, हलक्या हाताने वरखाली करा, जातो.

आणि एक वही ठेवा. मुलीने लिहायचं, मुलाने चित्र काढायचं. आज काय घातलं, कुठल्या कोपऱ्यात, रविवारी उकरलं तेव्हा त्यातलं काय उरलं. आमच्या वहीत कलिंगड पहिलं आलं. चार दिवसांत हिरव्या सालीचा पापुद्रा तेवढा राहिला. कणसाचं बुरकुंड शेवटचं, ते अजून आहे. आंब्याच्या कोयीला पेटीतच कोंब फुटला आणि मग कोणालाच गांडुळांशी देणंघेणं राहिलं नाही, दोन दिवस.

हात लावू द्या. फक्त आधी हात ओले करायचे, कारण गांडूळ कातडीतूनच श्वास घेतं आणि कोरड्या, खारट हाताने ते तळमळतं. नंतर साबणाने धुवायचे. बोटाला जखम असेल तर त्या दिवशी नुसतं बघायचं.

प्रश्न : मुलाच्या शाळेत गांडूळखताचा प्रकल्प आहे. पंधरा दिवसांत तयार खत नेऊन दाखवायचंय. लवकर व्हावं म्हणून काही घालता येईल का? (पिंपरीहून एक बाबा)

नाही. आणखी गांडुळं ओतून, गूळपाणी शिंपडूनही पंधरा दिवसांत होत नाही. नव्या पेटीला पहिलं खत द्यायला दोन-अडीच महिने लागतात. आता तुमच्या मनात जे आलंय तेही सांगते : रोपवाटिकेतून खताची पिशवी आणायची, डबीत भरून तक्त्यावर चिकटवायची. आम्हा शिक्षकांना ते ओळखू येतं. चाळलेलं, एकसारखं, सुकलेलं, त्यात एकही टरफल नाही. घरच्या खतात टूथपिक सापडते, फळावरचं चिकटपत्र सापडतं, एकदा तर माझ्या ब्लाउजचं हुक सापडलं होतं.

त्यापेक्षा पंधरा दिवसांची वही नेऊ दे. एका काचेच्या बरणीत अंथरूण, पाचसहा गांडुळं आणि कोथिंबिरीचे देठ घाला, तोंडाला मलमलीचा तुकडा, बाहेरून काळा कागद गुंडाळा. रोज रात्री कागद काढून काचेला लागलेली बिळं त्याला पेन्सिलीने काढू दे. पंधरा रात्रींची पंधरा चित्रं होतील. पंधरा गुणांच्या प्रकल्पाला मी सोळा दिले असते. नंतर ती गांडुळं पेटीत किंवा ज्याच्याकडून आणली त्याच्याकडे परत.

प्रश्न : नागपूरला नातीसाठी फेब्रुवारीत पेटी केली. एप्रिल उलटता उलटता सगळी मेली. नात पेटीकडे बघतसुद्धा नाही. पुन्हा करावी का?

आजोबा, चूक तुमची नाही, उन्हाची आहे. या गांडुळांना वीस ते तीस अंश मानवतं. पस्तिशीच्या पुढे त्यांचे हाल सुरू होतात, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पण अंथरूण फेकलं नसेल तर थांबा. त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या घाटाचे पिवळट तपकिरी दाणे दिसतात का पाहा. ते कोष. मोठी गांडुळं मरतात त्या तडाख्यातूनही कोष कधी कधी तग धरतात. ते अंथरूण सावलीत, ओलसर ठेवा, अगदी चिमूटभर खाणं घाला. निभावले असतील तर तीन-चार आठवड्यांत दोऱ्यासारखी पांढरट पिल्लं दिसतील. एका कोषातून दोन-तीन निघतात. नातीला आधी काही सांगू नका. दिसली की मग भिंग देऊन बोलवा.

पुढच्या उन्हाळ्यासाठी प्लास्टिक सोडा आणि माठ घ्या. मोठ्या तोंडाचा, जुना, पाणी गार करेनासा झालेला असला तरी चालेल. तळाला दोन भोकं पाडा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा आणि घरात उत्तरेच्या बाजूला, कूलरची हवा लागेल असा ठेवा. कूलरच्या पुढे, मागे नाही. मागे गरम हवा असते. दिवसातून दोनदा गोणपाट भिजवा. आणि एप्रिल-मे खाणं निम्म्यावर आणा, कारण कुजणारा ढीग स्वतःही तापतो. खत त्या दोन महिन्यांत होत नाही. गांडुळं जगवली की झालं.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ‘घरात किडे पाळायचे का?’ आमचं देवघर गॅलरीला लागूनच आहे. (कोल्हापूर)

त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. तुमच्या सासूबाई खेड्यात वाढल्या असतील तर गांडुळाला त्यांच्याकडे काय म्हणायचे ते मुलांना विचारायला सांगा. कुठे शिदोड म्हणतात, कुठे दानवं, कुठे काडू. माझी आई शिदोड म्हणायची. मृगाच्या पावसात अंगणात ती वर आली की कोंबड्यांची कशी चंगळ व्हायची ते ती रंगवून सांगे. आमच्याकडे पेटीबद्दल सर्वांत जास्त नाक मुरडलं ते माझ्या जाऊबाईंनी. हल्ली त्या आल्या की आधी गोणपाट उचलून बघतात आणि मग चहा घेतात. देवघराचं म्हणाल तर पेटी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा. त्यात कमीपणा कसला?

प्रश्न : पावसाळा लागला आणि एका रात्रीत गांडुळं भिंतीवर. सकाळी मुलांनी चमच्याने गोळा केली. का पळाली? (रत्नागिरी)

पेटीत पाणी साचलं की आतली हवा जाते आणि ती गुदमरतात. पावसाळी दमट रात्री बाहेर फिरायला त्यांना कातडी सुकायची भीतीही नसते, मग ती निघतात. कोकणात पेटी पागोळीपासून हातभर आत घ्या, वर पत्रा टाका, कोरडा पाला भरपूर मिसळा. आंब्याचा पाला तुमच्याकडे कमी नाही. आणि पहिल्या दोन-तीन रात्री पेटीवर दिवा लावून ठेवा, उजेडाला भिऊन खाली राहतात. गांडुळं नवीन आणली तेव्हाही हेच करायचं. चमच्याने गोळा करणाऱ्या मुलांना शाबासकी सांगा.

प्रश्न : पेटीत पांढरे बारीक किडे, चिलटं आणि वळवळणाऱ्या राखाडी अळ्या झाल्यात. सगळं फेकून देऊ? (नाशिक)

नका फेकू. पांढरे दोऱ्यासारखे किडे म्हणजे पेटी आंबट झाली. अंड्याच्या टरफलांची पूड घाला, ओल कमी करा. ते गांडुळांना खात नाहीत. चिलटं साली उघड्या राहिल्या म्हणून येतात. नीट पुरा आणि वर कागदाची जाड घडी ठेवा. राखाडी, चपट्या, जाड सालीच्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. खादाड असतात, पण निरुपद्रवी. जास्त झाल्या तर चिमट्याने काढून कावळ्यांना घाला. आमच्या गॅलरीत एक कावळा रोज साडेआठला हजेरी लावायचा.

प्रश्न : बाई, दादा म्हणतो गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात. तो करून बघणार आहे. खरं आहे का? (सांगली, इयत्ता पाचवी)

दादाला थांबव आणि हे वाचायला दे. दोन होत नाहीत. गांडुळाच्या अंगावर डोक्याच्या बाजूला अंगठी घातल्यासारखा एक जाडसर पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या बऱ्याच मागे तुटलं तर डोक्याकडचा भाग कधी कधी जगतो आणि त्याला नवी शेपटी फुटते. शेपटीकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. त्या वळवळीमुळेच लोकांना दोन झाल्यासारखं वाटतं. पट्टा असेल तर गांडूळ मोठं झालं, नसेल तर अजून लहान. दादाला काहीतरी करून बघायचंच असेल तर मूठभर अंथरूण ताटात घेऊन पट्टेवाली किती आणि बिनपट्ट्याची किती ते मोजू दे. लहान जास्त निघाली तर पेटी मजेत आहे.

प्रश्न : खत झालं हे कसं कळतं आणि गांडुळं वेगळी कशी काढायची? (तिघांनी विचारलंय)

चहाच्या भुकटीसारखं काळं, रवाळ दिसतं आणि काय घातलं होतं ते ओळखू येत नाही. चार दिवस पाणी बंद करा. मग उजेडात, पण कडक उन्हात नाही, प्लास्टिकच्या कागदावर त्याचे मोदकासारखे ढीग घाला. अर्ध्या तासाने वरचं खत काढा, गांडुळं खाली सरकलेली असतात. पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता राहतो, तो नव्या अंथरुणात. कुंडीला महिन्याला एक मूठ पुरे. ढीग घालायचं काम मुलांना द्या. आमच्याकडे सुबक मोदक कोणाचे यावर भांडण झालं होतं.

प्रश्न : गांडुळांना ऐकू येतं का? मी त्यांना गाणं म्हणून दाखवतो. (पुणे, वय वर्षं आठ)

तुझ्याआधी हाच प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली होती, आणि १८८१ साली, बहात्तराव्या वर्षी, त्याने गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते त्याचं शेवटचं. त्याने त्यांच्याजवळ धातूची शिट्टी फुंकली, ‘बसून’ नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवून घेतलं, ओरडून पाहिलं, शेजारी पियानो जोरात वाजवला. गांडुळं ढिम्म. मग त्याने कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि एक सूर वाजवला, तशी ती चटकन बिळात गेली. म्हणजे त्यांना कान नाहीत, आवाज ऐकू येत नाही, पण हादरा अंगाला कळतो.

तुमच्याकडे पियानो नसेल, पण कोणाकडे तरी वाजवायची पेटी असेलच. रात्री बरणीतल्या ओल्या अंथरुणावर दोन गांडुळं ठेव. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लाव, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. ती वर आली की आधी लांबून गाणं म्हण. मग बरणी पेटीवर ठेवून खालचा सा दाब. काय झालं ते मला लिहून पाठव. आणि गाणं कोणतं म्हटलंस तेही.